मॅटप्लॉटलिबचा आलेख: पीएनजी की एसव्हीजी?

आलेख पडद्यावर स्वच्छ, पण छापताना धूसर? मग मॅटप्लॉटलिबमधून (पायथनच्या आलेख काढायच्या लायब्ररीतून) पीएनजी, म्हणजे पिक्सेलांनी बनलेली चित्रफाइल, बहुधा मूळ सेटिंगवरच सेव्ह झालीय. ६.४ × ४.८ इंच आणि १०० डीपीआय (दर इंचाला पिक्सेल) म्हणजे जेमतेम ६४० × ४८० पिक्सेल. सेव्हफिगला (आलेख फाइलमध्ये साठवणाऱ्या फंक्शनला) डीपीआय ३०० दिलं की १९२० × १४४० मिळतात. एसव्हीजीत चित्र पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनातून साठवतात, म्हणून ही भानगडच नाही. कितीही मोठं करा, रेषा धारदारच. पण लाखभर ठिपक्यांचा स्कॅटर प्लॉट असेल तर प्रत्येक ठिपक्याची वेगळी नोंद होते, फाइल फुगते आणि ब्राउझरला धाप लागते. तिथे मी निमूट पीएनजी घेतो.

अक्षांची नावं कडेला कापली जाणं दोन्हींत सारखंच. सेव्हफिगच्या बीबॉक्स-इंचेस या पर्यायाला ‘टाइट’ द्या. आणि फाइल कोरीच आली तर फॉरमॅटला बोल लावू नका: बहुतेक वेळा शो (आलेख पडद्यावर दाखवणारं फंक्शन) आधी आणि सेव्हफिग नंतर लिहिलेलं असतं.