ब्रेक पॅड बदलले म्हणून ५४०० घेतले, आत मात्र जुनेच पॅड, वरून नुसता रंग मारलेला

ज्यांचे आई-वडील गावाला एकटे राहतात आणि स्वतःच गाडी गॅरेजला नेतात त्यांनी हे जरूर वाचा, कारण हा नुसता पैशाचा विषय नाही, ब्रेकचा आहे.

बाबांची वॅगनआर कराडला असते. चिपळूणला लग्न होतं, कुंभार्ली घाट उतरायचा म्हणून त्यांनी निघायच्या आधी गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथे त्यांना बाहेर बाकड्यावर बसवलं, चहा दिला आणि थोड्या वेळाने मेकॅनिक हातात एक पॅड घेऊन आला, मटेरियल पार पत्र्यापर्यंत गेलेला. "काका, हे बघा, असं घाटात गेलात तर ब्रेकच लागायचा नाही." सत्तरीच्या माणसाला घाटाचं नाव घेऊन असं सांगितल्यावर तो काय करणार, बाबा म्हणाले बदलून टाक. पॅडचे ३४००, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिच्यावर पॅड दाबले जातात) लेथवर घासून सपाट केल्याचे १२००, मजुरी ८००. छोट्या गाडीच्या पुढच्या पॅडचा सेट दुकानात दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो, पण ते एक वेळ सोडून देऊ. बिल म्हणजे डायरीचं फाडलेलं पान, त्यावर 'ब्रेक काम' आणि रक्कम, बस.

नंतर मी पुण्याहून गेलो आणि गाडी चालवली तर ब्रेक दाबला की बारीक चीं चीं आवाज. नवीन पॅड सुरुवातीला थोडे वाजू शकतात हे मान्य, पण बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खालच्या रेघेला टेकलेली, आणि शंका आली ती इथेच. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे ऑइल जातं, म्हणून डबीतली पातळी हळूहळू उतरते. नवीन जाड पॅड बसवायचे तर पिस्टन मागे दाबावाच लागतो आणि ते ऑइल परत डबीत येतं, म्हणजे पॅड खरंच बदलले असतील तर पातळी वर चढलेली दिसायलाच पाहिजे. म्हणून सांगतो, गाडी गॅरेजला देताना या डबीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि परत घेताना पुन्हा बघा, यात कुणाला काही विचारायचीही गरज नाही.

मग चाक काढलं. पॅडच्या पाठीच्या पत्र्याला काळा स्प्रे मारलेला, पण नखाने खरवडलं तर खाली सरळ गंज, आणि रंग बाजूच्या क्लिपांवरही उडालेला, म्हणजे पॅड बाहेर न काढताच मारला होता. मटेरियल जेमतेम ३ मिमी उरलेलं, आतल्या बाजूच्या पॅडला तर त्याहून कमी. नवीन पॅडला साधारण १० मिमी किंवा थोडं जास्तच असतं आणि ३ च्या आसपास आलं की बदलायचेच. आवाज येत होता तो पॅडवर जी पातळ पट्टी असते ती डिस्कला घासायला लागल्याचा, ती त्यासाठीच दिलेली असते. डिस्कच्या कडेला गंजाची उभी धार जशीच्या तशी, लेथवर गेलेल्या डिस्कला ती राहूच शकत नाही.

आणि डिकीत 'काका तुमचे जुने पॅड' म्हणून खोक्यात घालून दिलेले होते ते मी आमच्या कॅलिपरला लावून पाहिले तर दोन्ही टोकांचे कान बसेचनात, ते पॅड या गाडीचे नव्हतेच! म्हणजे कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीचे संपलेले पॅड ठेवलेले असतात आणि येईल त्याला तेच दाखवतात. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे की आमचे पॅड खरोखरच बदलायला आलेले होते. त्याने सरळ बदलले असते तरी त्याला पैसे मिळालेच असते. त्याऐवजी माझे आई-बाबा 'आता ब्रेक नवीन आहेत' या भरवशावर त्याच पॅडवर कुंभार्ली उतरून गेले.

पॅड मग मी घरीच बदलले. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड, नट गाडी खाली असतानाच सैल केले, जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड दिला. खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो, पूर्ण काढलात तर ब्रेक ऑइलच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पिस्टन सी क्लॅम्पने हळूहळू दाबायचा आणि डबीकडे लक्ष ठेवायचं, ऑइल सांडलं तर रंग खातं. ग्रीस फक्त कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना, पॅडला किंवा डिस्कला अजिबात लागू द्यायचं नाही. एका बाजूचं पूर्ण झाल्यावरच दुसरी बाजू उघडा, आणि काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, हे विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही. ज्यांनी कधी चाकसुद्धा काढलेलं नाही त्यांनी एकट्याने करू नका, जाणकार माणूस सोबत घ्या.

गॅरेजला करून घेणार असाल तर पॅड हातात आणून दाखवलेला मान्यच करू नका, चाक उतरवलं की गाडीवर बसलेला असतानाच दाखव म्हणा. नवीन पॅडचं खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

मी त्या गॅरेजला जाऊन विचारलं तर "पोराने चुकून बसवले असतील" म्हणाला, पैसे मात्र परत द्यायला तयार नाही. बाबांनी यूपीआयने पैसे दिले होते म्हणून त्याचा स्क्रीनशॉट, डायरीचं ते पान आणि चाक उघडल्याचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार केली आहे. त्यावर काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. दुसऱ्या गाडीचे ते पॅड मी जपून ठेवलेत.