फॅमिली मेडिसिनचा अभ्यासक्रम : नऊ महिने वापरल्यानंतर

फॅमिली डॉक्टर घडवण्यासाठीचा क्षमताधारित (म्हणजे प्रत्यक्ष काय करता येतं ते पाहणारा) अभ्यासक्रम वाचून फारसा कळत नाही. वेळापत्रकात बसवायला घेतला की तो कुठे भक्कम आहे आणि कुठे गळतो ते दिसतं.

त्याचा गाभा म्हणजे ‘विश्वासाने सोपवता येतील अशी कामं’. वैद्यकीय शिक्षणाचे डच अभ्यासक ओले टेन केट यांनी 2005 मध्ये मांडलेली ही कल्पना. प्रत्येक कामाला पाच पायऱ्या : नुसतं बघणं, शिक्षक शेजारी असताना करणं, शिक्षक हाकेच्या अंतरावर असताना करणं, एकट्याने करणं आणि शेवटी दुसऱ्यावर देखरेख ठेवणं. मांडणी उत्तम आहे. पण दोन-तीन महिन्यांत सगळ्यांच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर सरसकट तिसरी पायरी दिसू लागते. कारण पायरी ठरवणाऱ्याने रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) पेशंटसमोर पाहिलेलंच नसतं, फक्त नंतर केस ऐकलेली असते. केस छान सांगता येणं आणि पेशंटला नीट बोलतं करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

यावर उपाय एकच, प्रत्यक्ष निरीक्षण. पंधरा-वीस मिनिटं बघायचं, लगेच पाच-दहा मिनिटं बोलायचं. खुर्ची पेशंटच्या नजरेआड, कोपऱ्यात हवी. नाहीतर पेशंट आपोआप मोठ्या डॉक्टरांशीच बोलू लागतो. फॉर्मवर गुणांपेक्षा पुढच्या वेळी काय वेगळं करायचं, ते एकच वाक्य महत्त्वाचं.

उदाहरणार्थ, थकव्याची तक्रार. रेसिडेंट दोन मिनिटांत हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर लिहून मोकळा होतो. झोप, मन:स्थिती, नवीन सुरू झालेली औषधं आणि पेशंटला नेमकी कशाची भीती वाटतेय, हे राहून जातं. निरोप देताना ‘काही वाटलं तर या’ म्हणतो. याने पेशंटला काहीच कळत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आले तरी दोन आठवड्यांनी थकवा तसाच असेल तर या, वजन घटू लागलं किंवा रात्री घामाने कपडे भिजले तर तेवढंही थांबू नका’, असं बोलायला शिकवावं लागतं, आणि ते वाक्य खोलीत बसून ऐकल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

सगळ्यात जास्त झीज होते ती सातत्याच्या ओपीडीची. तेच पेशंट तोच रेसिडेंट वर्षभर बघणार, ही फॅमिली मेडिसिनची जान. पण वॉर्डात माणूस कमी पडला की पहिली कात्री इथेच लागते. ड्यूटी लावताना आधी आठवड्यातली ही अर्ध्या दिवसाची ओपीडी भरायची, मग रोटेशन्स, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतल्या पाळ्या. आदल्या रात्री नाइट ड्यूटी नको. प्रत्येकाच्या यादीत मधुमेह-रक्तदाबाचे पेशंट, एक गर्भवती, एक तान्हं बाळ, पाचपेक्षा जास्त औषधं घेणारं वयस्कर माणूस आणि आयुष्याच्या अखेरीला आलेला एक पेशंट मुद्दाम घालावा. आपोआप यादी बनू दिली तर सर्दी-खोकलाच जमतो.

मानसिक आरोग्याच्या तासांची विभागणी मात्र मला चुकीची वाटते. मनोविकार वॉर्डातलं रोटेशन उपयोगी आहे, पण तिथे तीव्र आजाराचे पेशंट भेटतात. ओपीडीत नैराश्य येतं ते डोकेदुखी, पाठदुखी, पोटाच्या तक्रारीच्या रूपात. म्हणून निम्मे तास ओपीडीत वळवणं बरं.

लॉगबुक, म्हणजे रेसिडेंटने केलेल्या कामाची नोंदवही, हा कच्चा दुवा. आकडे महिनाअखेरीस एका बैठकीत भरले जातात आणि नोंदी एकसारख्या दिसतात. आठवड्याला तीनच नोंदी, प्रत्येकीत न सुटलेला एक प्रश्न, एवढं मागितलं की लिहिणाराही विचार करून लिहितो.

आता हिशोब. चार रेसिडेंट, प्रत्येकाचं पंधरवड्याला एक निरीक्षण, प्रत्येकी अर्धा तास. म्हणजे शिक्षकाचा आठवड्याला एक तास. हा तास शिक्षकाच्या ओपीडीतून पेशंट कमी करून काढावा लागतो. ‘जमेल तेव्हा’वर सोडलं तर निरीक्षणं होत नाहीत आणि फॉर्म पुन्हा अंदाजाने भरले जातात.