युडायस प्लस भरून देणारं सेंटर: टायपिंगला पाच स्टार, बाकीचं वाचून ठरवा

आमच्या तालुक्याच्या गावात स्टँडसमोर एक सेंटर आहे, नाव घेत नाही, पण असं सेंटर तुमच्याकडेही असणारच. बाहेर सातबारा, पॅन कार्ड, पीक विमा असा बोर्ड आणि त्याच्याखाली नंतर चिकटवलेलं "शाळांची युडायस प्लस व अपारची कामे केली जातील". युडायस प्लस म्हणजे प्रत्येक शाळेनं दरवर्षी आपली, शिक्षकांची आणि मुलांची माहिती भरायचं केंद्र सरकारचं पोर्टल, आणि अपार म्हणजे मुलाचा शैक्षणिक ओळख क्रमांक. आमची शाळा पाचवी ते दहावी, क्लार्क रिटायर झाले तेव्हापासून जागा रिकामीच आहे, त्यामुळे हे काम फिरत फिरत गणिताच्या बाईंकडे म्हणजे माझ्याकडे आलं. हेडसर म्हणाले, मॅडम, सेंटरला देऊन टाका. रेट विद्यार्थ्यामागे १५ रुपये, शाळेचा आणि शिक्षकांचा भाग वेगळा ५०० ला.

आधी चांगलं सांगते. तिथला दादा पोर्टलमध्ये एकदम पटाईत आहे. कुठल्या मॉड्यूलमध्ये काय आहे, कुठली चौकट रिकामी राहिली की पुढचं पान उघडत नाही, सगळं पाठ. मुलाची जनरल प्रोफाइल, एनरोलमेंट, फॅसिलिटी अशी तीन पानं असतात ती तो गप्पा मारत मारत भरतो, शेवटच्या तारखांना सगळा तालुका एकदम बसतो तेव्हा हा पहाटे उठून काम उरकतो. नवीन आलेल्या मुलाचा पेन नंबर (पोर्टलवरचा त्याचा कायमचा नंबर) आणि जन्मतारीख टाकून त्याला शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीतून, म्हणजे ड्रॉपबॉक्समधून, आपल्याकडे ओढून घेणं हे आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांना जमत नाही, त्याला चहा येईपर्यंत जमतं. तर वेगाबद्दल तक्रार शून्य.

तक्रार वेगळी आहे. तो भरतो, विचारत नाही.

आमच्याकडे मुलींच्या टॉयलेटचे दोन ब्लॉक आहेत. त्यातला मागचा ब्लॉक टाकीची पाइपलाइन तुटल्यापासून बंद. फॉर्ममध्ये एकूण किती आणि वापरात किती असे वेगवेगळे आकडे मागतात, आणि ह्यानं दोन्हीकडे मागच्या वर्षीचाच आकडा ठेवला होता. मी प्रिंट मागून घेतली म्हणून दिसलं. त्याला म्हटलं दादा हे बंद आहे, तर म्हणतो, मॅडम कमी दाखवलं तर शाळेचे मार्क कमी होतात, सगळे असंच ठेवतात. आता हे "सगळे असंच ठेवतात" म्हणजेच खरी गडबड आहे. समग्र शिक्षा ह्या शाळांना निधी देणाऱ्या केंद्राच्या योजनेचं वार्षिक नियोजन ह्याच युडायसच्या माहितीवर होतं, म्हणजे कागदावर तुमचं टॉयलेट चालू असलं तर दुरुस्तीच्या यादीत तुमचं नाव कशाला येईल? मग वर्षभर मुली पुढच्या ब्लॉकसमोर रांग लावतात आणि आपण म्हणायचं सरकार काही देत नाही.

बरं, मार्क मार्क म्हणतात ते काय प्रकरण आहे ते पण सांगते, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं शाळेला मार्क मिळतात. ते मार्क जिल्ह्याचे. केंद्र सरकारचा परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स आहे, राज्यांसाठी वेगळा आणि जिल्ह्यांसाठी वेगळा. जिल्ह्यांचा ६०० गुणांचा. सगळ्यात मोठा वाटा २९० गुणांचा, निकाल आणि शिकण्याच्या पातळीचा. पायाभूत सुविधांना ५१. म्हणजे टॉयलेट, रॅम्प, हँडवॉश हे सगळं मिळून सुविधांचा भाग ५१ चा, त्यात आमच्या एका ब्लॉकनं जिल्ह्याचं असं काय बुडणार आहे! आणि शिकण्याची पातळी तर सर्वेक्षणातून येते, ती सेंटरवाल्याला टाइप करून वाढवता येत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. सातवीत एक ज्ञानेश्वरी आहे. जनरल रजिस्टरला मराठीत व्यवस्थित, आधारवर इंग्रजीत डी पासून सुरू, पोर्टलवर आधीच्या शाळेनं जी पासून टाकलेलं. आधार जुळत नाही म्हणून लाल खूण. सेंटरवाल्याचा उपाय काय, तर आधारवर जसं आहे तसं पोर्टलला करून टाका, झालं हिरवं. हिचं आधारचं नाव बरोबर होतं म्हणून चाललं, पण तिच्याच वर्गात एका मुलाच्या आधारवर जन्मतारीख चक्क १ जानेवारी आहे, दाखल्यावर वेगळी, तिथे पण ह्यानं आधारची तारीख घ्यायला सुरुवात केली. अरे बाबा, शाळेसाठी मूळ कागद जनरल रजिस्टर, आधार दुरुस्त करायला पालकांना पाठवायचं असतं, आपण रजिस्टर सोडून पळायचं नसतं! दहावीच्या फॉर्मला हीच तारीख आडवी येते आणि तेव्हा सेंटरवाला नाही, हेडसर उभे असतात.

आणि ड्रॉपबॉक्स. हे मराठवाड्यातल्या माझ्या मैत्रिणी वाचत असतील तर त्यांना लगेच कळेल. पट ३० सप्टेंबरचा धरतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर हलतात. म्हणजे पटावर मूल आहे, दिवाळीनंतर वर्गात नाही. वर्षाअखेरीला प्रोग्रेशन, म्हणजे मूल पुढे गेलं की शाळा सोडली ही नोंद, भरताना पर्याय येतात, त्याच शाळेत शिकतोय, दाखला घेऊन गेला, दाखल्याविना गेला. सेंटरवाल्यानं हजेरी बघितली, तीन मुलं दाखल्याविना गेली अशी टाकायला घेतली. तसं टाकलं की मूल ड्रॉपबॉक्समध्ये जाऊन बसतं आणि दुसऱ्या कुठल्या शाळेनं उचललं नाही तर ते शाळाबाह्य म्हणून मोजलं जातं. मी पालकांना फोन लावले, एकाची आई म्हणाली बाई आम्ही पाडव्याला येतोय, नाव काढू नका. दोघं आले पण, तिसऱ्याला कारखान्याजवळच्या शाळेत घातलं होतं, त्याला रीतसर दाखला दिला. हे फोन करणं सेंटरच्या १५ रुपयात बसत नाही, बसायलाही नको, पण निदान विचारावं की मॅडम हे तिघं कुठेत.

हे एवढं का ताणतेय तर आता मोजणी नुसत्या आकड्यांची राहिलेली नाही. आधी शाळा सांगायची पाचवीत इतके मुलगे इतक्या मुली, २०२२-२३ पासून एकेक मूल नावानिशी भरायचं. देशाचा पट २०२१-२२ ला २६.५२ कोटी होता तो २०२३-२४ ला २४.८० कोटी दिसला. दोन शाळांत नाव असलेली मुलं नावानिशी मोजल्यावर गळली हे त्यातलं एक कारण, म्हणून जुने आणि नवे आकडे सरळ शेजारी ठेवून चालत नाही. चुकीचं भरलं तर आता चूक त्या एका मुलाच्या नावावर जाते.

अजून एक, आणि ह्याचे मी दोन स्टार कापले. काउंटरवर एक लांबडी वही आहे, त्यात तालुक्यातल्या शाळांचे ११ अंकी कोड आणि शेजारी पासवर्ड, पेनानं लिहिलेले. सातबारा काढायला आलेला माणूसही ती वाचू शकतो. आमच्या मुलांच्या आधारच्या झेरॉक्स टेबलाखाली खोक्यात. डेटा प्रोटेक्शनचा कायदा २०२३ ला आला म्हणे, इथे त्याची बातमी पोचलेली दिसत नाही. मी झेरॉक्स मोजून परत घेतल्या, पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला, हेडसरांना जरा राग आला पण चालतंय.

एकूण तीन स्टार. पुन्हा जाईन का, तर हो, पण विद्यार्थ्यांच्या पानांपुरतीच आणि शेजारी रजिस्टर घेऊन बसून. शाळेच्या सुविधांचा भाग शाळेतच भरायचा, मोबाईल घेऊन आवारात एक चक्कर मारली की नळ, रॅम्प, बंद पडलेले कॉम्प्युटर सगळं समोर दिसतं. आणि लॉक करायच्या आधी प्रिंट घ्या, कारण नंतर काही बदलायचं म्हटलं तर गटसाधन केंद्रात पोर्टलची माहिती सांभाळणाऱ्या एमआयएसवाल्या सरांच्या मागे फिरावं लागतं. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, आमची अजून द्यायची राहिलीय.