राउटर म्हणून जुना मिनी पीसी : सांगलीतले नऊ महिने

गेल्या दिवाळीपासून विश्रामबागेतल्या आमच्या घरी राउटर आणि फायरवॉलचं काम एक जुना लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू करतोय. एक कडक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्यानं काढला, म्हणून आता लिहायला बसलो.

नेटवाल्यानं दिलेला राउटर बंद पडत नव्हता. पण बायको घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते, आणि कुणाच्या तरी मोबाईलमधले फोटो वर चढायला लागले की तिची मीटिंग अडकायची. शिवाय बाबांना गणपती पेठेतल्या दुकानाचे कॅमेरे घरी बसून बघायचे होते. स्वस्तातले कॅमेरे थेट इंटरनेटवर उघडे ठेवायचं माझं धाडस होत नव्हतं.

पुण्यात जुने मिनी पीसी बघताना प्रत्येक दुकानदार प्रोसेसरचंच सांगत होता. "साहेब, आय-फाईव्ह घ्या, आय-थ्री कमी पडेल." आमचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. तेवढ्याला आठव्या पिढीचा आय-थ्रीसुद्धा भरपूर होतो. मी ९,५०० रुपयांत ८ जीबी रॅमचा आय-थ्रीच घेतला आणि तो कधी दमलेला मला दिसला नाही. हां, यावर मी ओपीएनसेन्स हे राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकलंय. ते फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं आणि त्यात पीपीपीओईचा (नेटवाल्याकडे लॉगिन करून जोडणी करायची पद्धत) आत येणारा सगळा भार सहसा एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे गिगाबिट कनेक्शन असेल तर प्रोसेसरचा विचार जरूर करा.

खरी पारख लॅन पोर्टची करायला हवी. राउटरला दोन पोर्ट लागतात, एक बाहेरचा नि एक आतला, आणि या मशीनला मुळात इंटेलचा एकच असतो. मी आधी यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावून बघितला. आठवड्यातून दोन-तीनदा लिंक तुटायची आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायचे. पंधरा दिवसांत तो काढला. एम७२०क्यूमध्ये रायझर (कार्ड खोचायचा छोटा जोड-बोर्ड) लावून जादा पोर्टचं पीसीआयई कार्ड बसवता येतं, मी तो घेतला तो त्यासाठीच. एम७१०क्यू बाहेरून अगदी तसाच दिसतो, पण त्यात ही सोय नाही, तेव्हा घेताना मॉडेल नंबर दोनदा वाचा. रायझर मशीनसोबत सहसा येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. तो अडीच इंची डिस्कच्या जागेत बसतो, म्हणून एसएसडी एम.२ चीच, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी हवी.

कार्ड इंटेल आय३५०चं, दोन पोर्टचं घेतलं. या कार्डांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. कोरं करकरीत कार्ड फार स्वस्तात मिळत असेल तर लांब राहा. माझं कार्ड एका कंपनीच्या सर्व्हरमधून काढलेलं आहे, मागच्या पट्टीवर ओरखडे आहेत, पण अजून एकदाही दगा दिलेला नाही. चार पोर्टचं घ्यायचा मोह होतो. मात्र एवढ्याशा पेटीत ते तापतं, आणि घरात दोनच लागतात. बाकीचं स्विच बघतो. वायफायसाठी जुनाच राउटर डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करून ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसता वायफाय देणारा डबा म्हणून ठेवला.

मीटिंग अडकायची त्याचा इलाज ओपीएनसेन्सच्या शेपरमध्ये, म्हणजे वेग आवरायच्या सोयीत सापडला. फायबरचा डबा ब्रिज मोडवर घालून घेतला (म्हणजे राउटरचं काम तो न करता आमचं मशीन करतं) आणि एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची पद्धत लावून अपलोडला खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर लगाम घातला. आधी फोटो चढताना पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांवरून ३००च्या पुढे जायचा, आता ३५च्या आसपास राहतो. नऊ महिन्यांत बायकोनं मीटिंगमधून मला हाक मारली ती फक्त एकदा.

ती हाक वैशाखातली. संध्याकाळी वळीव कोसळला, कुठंतरी फांदी तारेवर पडली आणि लाईट गेली ती पाच तास. इन्व्हर्टरही संपला. लाईट आल्यावर सगळं सुरू झालं, हा डबा गप्प. लाईट आली की मशीन आपोआप सुरू व्हावं म्हणून बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) 'आफ्टर पॉवर लॉस' हे मी 'पॉवर ऑन' करून ठेवलं होतं. मी होतो जतला. आईनं बटण दाबलं, दिवा लागला, पण नेट येईना. शेवटी बायकोनं टीव्हीची एचडीएमआय वायर आणि कीबोर्ड जोडला, तेव्हा कळलं की तारीख-वेळ हरवल्याची सूचना दाखवून मशीन तिथंच थांबलंय. घड्याळ आणि बायोसची सेटिंग जपणारा आतला नाण्याएवढा सीआर२०३२ सेल मेला होता. जोवर वीज होती तोवर त्याचं मरण कळलंच नाही. वीज गेली तशी बायोसची सेटिंग पुसली गेली. तीस-चाळीस रुपयांचा सेल. जुना मिनी पीसी घरी आणला की चालू करायच्या आधी तो बदला, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे. आणि ओपीएनसेन्स इन्स्टॉल करताना डिस्कसाठी झेडएफएस ही फाईलसिस्टीम निवडा. एवढ्या वेळा लाईट जाऊनही फाईलसिस्टीम शाबूत आहे.

विजेचं आणखी एक. बाजारात राउटरसाठी जे छोटे यूपीएस मिळतात ते सहसा १२ व्होल्टचे असतात. या मशीनला २० व्होल्ट लागतात. मी एक आणून बसलो होतो, तो आता फायबरच्या डब्याला लावलाय. मिनी पीसी घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे आणि इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवलंय. नाहीतर लाईट जातायेता तेवढ्या क्षणात तो रीस्टार्ट व्हायचा. मीटर लावून मोजलं तर कार्डासकट १५ वॅट, म्हणजे महिन्याला ११ युनिट. माझा जुना टॉवर सीपीयू याच कामाला ५५ वॅट, महिन्याला ४० युनिट खात होता. फुकटात पडून आहे म्हणून तो वापरणं महागात गेलं असतं.

उन्हाळ्यात पारा चाळीशीला टेकला तेव्हा पंख्याचा आवाज वाढला. उघडलं तर आधीच्या मालकाची धूळ आणि वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट. साफसफाई आणि नवी पेस्ट झाल्यावर शांत झाला. हेही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

दुकानात मात्र वेगळा डबा बसवला, डेल वाईज ५०७०. त्याला पंखाच नाही, म्हणून पेठेतल्या धुळीत बरा. पोर्ट एकच आणि तोही रिअलटेकचा, म्हणून तिथं फ्रीबीएसडीच्या नादी न लागता लिनक्सवरचं ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं सॉफ्टवेअर टाकलं आणि व्हीलॅन (एकाच वायरवर वेगवेगळी नेटवर्कं) करणाऱ्या स्विचवर एका पोर्टचे दोन केले. कॅमेऱ्यांचा व्हीलॅन वेगळा, त्याला बाहेर जायची परवानगी नाही. घर आणि दुकान वायरगार्ड या व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद बोगद्यानं जोडलंय. दोन्हीकडचे नेटवाले सीजीनॅटमधला (अनेक गिऱ्हाइकांत एकच बाहेरचा पत्ता वाटून द्यायची पद्धत) १०० नं सुरू होणारा पत्ता देत होते, त्यावर बाहेरून कुणी येऊच शकत नाही. घरासाठी वर्षाचे जादा पैसे भरून पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येणारा स्वतःचा पत्ता घेतला. दोन्हीकडे लागत नाही, दुकानाचा डबा स्वतःहून घराला हाक मारतो.

२०१९च्या पुरात दुकानात पाणी शिरलं होतं ते बाबा विसरलेले नाहीत. डबा कुठं ठेवू विचारलं तर त्यांनी काही न बोलता पोटमाळ्याकडे बोट केलं. तिथंच आहे तो, स्विच आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसकट. घरच्या ओपीएनसेन्सची कॉन्फिग फाईल दर रविवारी तिथल्या पेनड्राइव्हवर जाते, आणि तिथली घरी येते.