टीव्ही बॉक्स चाळीस सेकंद मागे, मुंबई सिटी सहाव्या नंबरवर : पाच महिन्यांच्या वापरानंतर

हा रिव्ह्यू खरं तर फेब्रुवारीतच लिहायला घेतला होता. तेव्हा एक तारा द्यायचं ठरवलं होतं, कारण शून्य देता येत नाही. मग मार्च आला, आमची फुटबॉल टीम मुंबई सिटी रडतखडत प्ले-ऑफच्या दाराशी पोचली आणि या पेटीबद्दलचं माझं मत दोनदा बदललं. म्हणून आता सगळं नव्याने लिहितोय.

जुन्या टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे सामने दाखवणाऱ्या या बॉक्सची माहिती तुम्हाला पाठ असेलच. सगळ्या कंपन्यांची पेटी तीच, रिमोट तोच, वरचं लेबल तेवढं वेगळं. रॅम किती, फोर-के चालतं का, हे इथे शोधू नका. माझा टीव्ही २०१२चा आहे, ३२ इंची. त्यात फोर-के दिसणार कुठे? पण टीव्ही ठणठणीत आहे, आणि ठणठणीत वस्तू भंगारात देणं माझ्या स्वभावात नाही. नवा स्मार्ट टीव्ही घ्यायचा तर पंधरा हजार, बॉक्स २,१९९ रुपयांना. नोव्हेंबरमध्ये घेतला.

घेतला तो फक्त आयएसएलसाठी, म्हणजे फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगसाठी. ४ मे २०२४ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून मुंबईने कप आणला, ती फायनल मी फोनच्या पडद्यावर डोळे बारीक करून पाहिली होती. पुढचा सीझन मोठ्या पडद्यावर बघायचा, असं तेव्हाच ठरलं. गंमत अशी की पुढच्या सीझनमध्ये मोठ्या पडद्यावर बघण्यासारखं फारसं काही घडलंच नाही. २४ सामन्यांत ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव. बरोबरीच्या सामन्यांत बॉक्स हँग झालाय की खेळच थांबलाय, हे कधीकधी खरंच कळायचं नाही.

आता मुख्य तक्रार. चित्र चांगलं, आवाज चांगला, रिमोट बरा (सेलचं झाकण सैल आहे, रबरबँड लावलाय). पण हा बॉक्स मागे चालतो. घड्याळाच्या मागे.

लक्षात आलं ते भाच्यामुळे. तो अंधेरीच्या स्टेडियममध्ये निळी जर्सी घालून जाऊन बसतो आणि तिथून मला मेसेज करतो. डिसेंबरपासून असं व्हायला लागलं की माझ्या टीव्हीवर आमचा गोलकीपर शांतपणे चेंडू ठेवतोय आणि फोनवर भाच्याचा मेसेज, 'मामा काय फालतू गोल खाल्ला!' कुठला गोल? मग तो बिचारा गोलकीपर किक मारतो, चेंडू हरवतो आणि मी बघत बसतो, आता खाणार, आता खाणार.

जानेवारीत एका घरच्या सामन्याला मोजमाप केलं. भाच्याला म्हटलं, किक-ऑफची शिट्टी झाली की फोन कर. त्याचा फोन आला तसं मी स्टॉपवॉच लावलं. माझ्या टीव्हीवर शिट्टी वाजली ४१व्या सेकंदाला. त्याच वाय-फायवर, त्याच अॅपमध्ये, माझ्या मोबाइलवर तीच शिट्टी २९व्या सेकंदाला. म्हणजे प्रामाणिकपणे बोलायचं तर ४१मधली २९ सेकंदं पेटीची नाहीत. इंटरनेटवरून येणारं चित्र पाच-सहा सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात, आणि मधे अडकू नये म्हणून अॅप असे दोन-तीन तुकडे आधी साठवतं, मग दाखवायला लागतं. हे सगळ्यांकडेच होणार. पण वरची १२ सेकंदं कुणाची? ती या पेटीची.

एवढ्याशा गोष्टीवर इतकं काय लिहायचं, असं तुम्ही म्हणाल. घरातही हेच ऐकलंय. ही म्हणाली, "अहो, गोल चाळीस सेकंदांनी दिसला तर तो गोल नसतो का?" उत्तर देता आलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर फुटबॉलला ही अडचण कमीच आहे. क्रिकेट असेल तर बॉलर धावायला लागायच्या आधी समोरच्या बिल्डिंगमधून आरडाओरडा होतो आणि सिक्सर फुकट जातो. आयएसएल आमच्या सोसायटीत माझ्याशिवाय कुणी बघत नाही. गोल झाला तरी चिडीचूप. म्हणजे माझा सगळा त्रास एका भाच्यापुरता होता, आणि फोन बंद ठेवला असता तर तोही मिटला असता. पण २,१९९ रुपये मी मोजलेत, फोन मी का बंद ठेवू?

फेब्रुवारीत पेटीनं मानच टाकली. गोव्याविरुद्ध १-३ने हरत होतो त्या सामन्यात बॉक्स आपोआप बंद होऊन चालू व्हायला लागला. दर दहा मिनिटांनी तोच लोगो, तीच फिरणारी चकती. कस्टमर केअरला फोन केला. 'फॅक्टरी रीसेट करा.' केला. 'व्हिडिओ पाठवा.' पाठवला. 'वाय-फायचा प्रॉब्लेम असेल.' अहो, वाय-फाय गेलं तर चित्र अडकतं, पेटीचा दिवा कशाला विझेल? मग म्हणाले, बॉक्स कुरियरनं पाठवा, खर्च तुमचा, परत यायला दहा-बारा दिवस. सीझनचे शेवटचे चार-पाच सामने राहिलेत आणि मी पेटी पाठवून देऊ? शेवटी विचारलं, अडॅप्टर बदलून द्याल का? उत्तर मिळालं की अडॅप्टर ही अॅक्सेसरी आहे, ती वॉरंटीत येत नाही. अडॅप्टरशिवाय पेटी चालते का, हे मी विचारलं. कॉल कट झाला.

कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याने मल्टिमीटर लावला. अडॅप्टरवर लिहिलंय ५ व्होल्ट, २ अँपियर. नुसता लावला तर पाच दाखवतो, बॉक्सवर भार आला की व्होल्टेज खाली बसतं. १८० रुपयांत नवा अडॅप्टर दिला. त्या दिवसापासून आजपर्यंत पेटी एकदाही आपोआप बंद झालेली नाही. तेव्हा ज्यांचा बॉक्स मॅच चालू असताना रीस्टार्ट होतो त्यांनी रीसेटच्या नादी लागू नका, आधी अडॅप्टर बदला.

इथे मी तीन ताऱ्यांवर आलो होतो. तक्रार संपली नव्हती, पण रागाचा पारा उतरला होता.

आता त्या सहाव्या नंबरबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या सीझनला तेरा संघ, पहिले सहा प्ले-ऑफमध्ये. पहिले दोन थेट सेमीफायनलला, तीन ते सहा यांच्यात एकेरी नॉक-आऊट, तीही वरच्या संघाच्या मैदानावर. आमच्या मागे ओडिशा लागली होती. असं असलं की माणूस स्वतःच्या संघापेक्षा दुसऱ्याचे सामने जास्त बघतो. २३ फेब्रुवारीला मोहन बागान विरुद्ध ओडिशा. दहा महिन्यांपूर्वी ज्यांना फायनलमध्ये हरवलं त्या मोहन बागानसाठी मी टाळ्या वाजवत बसलो होतो. इंज्युरी टाइममध्ये पेत्रातोसने गोल केला, त्यांनी १-० जिंकून लीग शिल्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याचं बक्षीस, खिशात घातली आणि मी सोफ्यावरून उठून नाचलो. भाचा त्या दिवशी स्टेडियममध्ये नव्हता, त्यामुळे गोल मला ताजा मिळाला. पेटीबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

१ मार्च. तेच मोहन बागान अंधेरीत. भाचा मैदानावर. हाफटाइमला आपण ०-२. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या एकाला लाल कार्ड, आपण एक गोल फेडला आणि मग चढाईमागून चढाई. पण पेटी त्या रात्री दोनदा अडकली होती, आणि हा बॉक्स अडकून सुटला की जिथे थांबला होता तिथूनच पुढे दाखवतो, मधलं गाळत नाही. म्हणजे प्रत्येक अडकण्यागणिक तो आणखी मागे पडतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या टीव्हीवर ८७वं मिनिट, आपला थ्रो-इन, आणि फोन थरथरला. 'मामाााा नेथन!!!' पुढचं मिनिट-सव्वा मिनिट मी नेथन रॉड्रिग्ज या एकाच मुलाकडे बघत होतो. तो कुठे उभा आहे, चेंडू त्याच्याकडे कधी जातो. मुंबईचा पोरगा, शिल्ड जिंकलेल्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटांत २-२ करतो, आणि मी तो गोल लग्नाची सीडी बघावी तसा पाहिला.

त्या रात्री रागाने सगळी बटणं दाबली आणि दोन गोष्टी सापडल्या. हे जास्त उपयोगाचं आहे म्हणून नीट लिहितो. एक, सामना अडकून सुटला की बॅक दाबून अॅपमधून बाहेर या आणि पुन्हा आत जा, किंवा 'लाइव्ह' असं लिहिलेल्या ठिपक्यावर जाऊन ओके दाबा. साठलेला उशीर गळून पडतो. दोन, वाय-फाय सोडा आणि राउटरमधून लॅन केबल ओढा. बॉक्सच्या मागे जागा आहे, कुणी वापरत नाही. माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरची केबल पडून होती, खर्च शून्य. हॉलमधून केबल गेल्यामुळे ही दोनदा अडखळली आणि 'ही दोरी कपडे वाळत घालायला बांधलीय का' असं ऐकावं लागलं, पण अडकणं थांबलं. आता पुन्हा मोजलं तर मैदानापेक्षा ३१ सेकंद मागे. मोबाइलपेक्षा दोनच सेकंद. म्हणजे वरच्या बारा सेकंदांचा आरोप मी मागे घेतो. दोष बहुतेक माझ्या वाय-फायचा होता.

७ मार्चला कोचीत केरळ ब्लास्टर्सकडून ०-१. पेप्राचा गोल. पेटी उत्तम चालली, त्याबद्दल आणखी काही लिहायची इच्छा नाही.

आता हिशेब असा. ओडिशाचे सगळे सामने संपलेले, ३३ गुण. आपले २३ सामन्यांत ३३. शेवटचा सामना ११ मार्चला बंगळुरूमध्ये, कांतीरवा स्टेडियमवर. एक गुण मिळाला की सहावा नंबर आपला. बरोबरी पुरे. सीझनभर नऊ बरोबऱ्या करणाऱ्या संघाला बरोबरी पुरे, यापेक्षा सोपं काय, पण रात्रभर झोप नाही.

त्या दिवशी भाच्याला सांगितलं, मेसेज केलास तर दिवाळीला घरी येऊ नकोस. स्कोअरचा अलर्ट देणारं अॅप होतं, म्हणून फोनच तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला. सुरुवातीलाच आपल्या छांगटेचा गोल. कोरा करकरीत, आधी कुणी न सांगितलेला. मग पेनल्टी, कारेलिसने मारली, २-०. हाफटाइमला मी पेटीला मनातल्या मनात पाच तारे दिले होते.

पण दुसऱ्या हाफमध्ये जीव वरखाली व्हायला लागला. बंगळुरूने दोन फेडून वर आणखी एक मारला असता, तर संपलं असतं. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास त्यांना कॉर्नर मिळाला. मी उठलो, तांदळाच्या डब्यावरचा फोन उचलला आणि बघितला. अलर्ट नाही. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. अलर्ट माझ्या टीव्हीपेक्षा निदान वीस सेकंद आधी येतो. फोन गप्प आहे म्हणजे या कॉर्नरवर गोल झालेलाच नाही! मी निवांत बसून तो कॉर्नर पाहिला. डोक्याने मारलेला चेंडू बाहेर गेला, मला माहीतच होतं.

पुढची वीस मिनिटं फोन मांडीवर सुलटा. त्यांची चढाई आली की फोनकडे बघायचं, मग टीव्हीकडे. ज्या उशिराला मी तीन महिने शिव्या दिल्या, त्यानेच त्या रात्री माझं ब्लडप्रेशर सांभाळलं. सामना २-०, ३६ गुण, सहावा नंबर.

तेव्हा घ्यायचा की नाही? जुना टीव्ही चांगला असेल तर घ्या. खर्चाच्या हिशेबात अडॅप्टरचे १८० रुपये धरा. केबल ओढा. वॉरंटी आहे असं समजू नका. क्रिकेटसाठी घेणार असाल तर शेजारी गप्प बसणारे हवेत. माझ्याकडून चार तारे. पाचवा दिला असता, पण २९ मार्च झाला.

नॉक-आऊट. बंगळुरू तिसरे, आपण सहावे, म्हणून पुन्हा तेच कांतीरवा. नवी युक्ती सापडलेली, त्यामुळे फोन पहिल्या मिनिटापासून मांडीवर सुलटा. नवव्या मिनिटाच्या सुमारास तो थरथरला. टीव्हीवर तेव्हा चेंडू मधल्या भागात होता, आणि अलर्टमधल्या बंगळुरूच्या सुरेश वांगजामला मी पायात चेंडू नसताना ओळखलं. दुसरा अलर्ट पेनल्टीचा, एडगर मेंडेझ. रेफरीने अजून शिट्टीही वाजवली नव्हती आणि मी आमच्या एकेका डिफेंडरकडे बघत होतो, यांच्यातला कोण चूक करणार म्हणून. तिसरा रायन विल्यम्स. चौथा सुनील छेत्री. फोन पालथा ठेवावा हे चार वेळा मनात आलं, पण हात गेला नाही.

पाचवा अलर्ट आला तेव्हा नाव वाचलं. परेरा डियाझ. सॉल्ट लेकच्या फायनलमध्ये आपल्याला बरोबरी साधून दिली तो, तेव्हा आपला होता. वीस सेकंदं होती हातात. मी रिमोट घेतला आणि पेटी बंद केली. बंद झाली तेव्हा माझ्या टीव्हीवर ०-४च होतं.