मानेच्या मणक्याचं ऑपरेशन आणि दुखण्यावरची एकत्रित इंजेक्शनं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

माझं ऑपरेशन मानेच्या मागच्या बाजूने झालं: लॅमिनेक्टमी, म्हणजे दाब कमी करायला मणक्याच्या मागचं हाड काढणं, आणि मणके एकमेकांना जोडून धरायला स्क्रू-रॉड. हे आधी सांगते, कारण गळ्याकडून छेद घेतात तेव्हा सर्जनना स्नायूंच्या मधून वाट मिळते. मागून जाताना मात्र मणक्याला चिकटलेले जाड स्नायू सोडवावे लागतात आणि ऑपरेशननंतर तेच ठणकतात. पुढून ऑपरेशन झालेल्यांना गिळायला त्रास, आवाज बसणं हे जास्त. त्यांना माझा अनुभव जसाच्या तसा लागू पडणार नाही.

भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की एकाच जोरदार औषधावर भिस्त ठेवायची नाही. टाके घालताना जखमेच्या कडांमध्ये बुपिव्हाकेन, म्हणजे ती जागा बधीर करणारं इंजेक्शन. वॉर्डात दर सहा तासांनी शिरेतून एक ग्रॅम पॅरासिटामॉल. सूज उतरायला केटोरोलॅक, तेही मोजके दिवस, कारण पाच दिवसांच्या वर ते देत नाहीत. आणि उरलेल्या दुखण्यासाठी मॉर्फिनचा पंप, त्याचं बटण माझ्या हातात. प्रत्येक औषध दुखणं वेगळ्या ठिकाणी अडवतं, म्हणून मॉर्फिन कमी लागतं. मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता हे मॉर्फिनचे त्रास असल्याने ते कमी लागणं हाच या पद्धतीचा खरा फायदा, असं माझं ठाम मत झालंय.

बुपिव्हाकेनचा असर काही तासांत उतरतो, आणि दुखणं तेव्हाच कळतं. माझी कळ जखमेत कमी आणि दोन्ही खवाट्यांच्या मधोमध जास्त होती. कूस बदलली की मान आवळून धरल्यासारखी व्हायची. पॅरासिटामॉलची बाटली पंधरा मिनिटांत संपते, पण आराम पडायला आणखी थोडा वेळ लागतो. एका रात्री ड्यूटी बदलताना ती बाटली उशिरा लागली. तोवर ठणका इतका चढला होता की नेहमीच्या डोसाने तो हटेना, पंपाचं बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागलं. दुखणं चढल्यावर त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. म्हणून ठरलेल्या वेळेचा डोस, फार दुखत नसलं तरी, घ्यायचाच. दुसऱ्या दिवसापासून बाटलीची वेळ माझ्या बहिणीने कागदावर लिहून ठेवली आणि वेळ जवळ आली की ती सिस्टरना आठवण करून द्यायची.

पंपाचं एक सांगायलाच हवं. बटण फक्त पेशंटनेच दाबायचं. एकदा डोस गेल्यावर काही मिनिटं बटण दाबलं तरी औषध जात नाही, ही सोय सुरक्षिततेसाठीच असते. पण झोपेत कण्हणाऱ्या माणसाची दया येऊन नातेवाइकांनी बटण दाबलं, तर ती सोय पुरेशी ठरत नाही, श्वास मंदावू शकतो. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात तो त्यासाठीच, टोचला तरी काढू नका.

या सगळ्या इंजेक्शनांनी एक दुखणं मात्र हललं नाही: हातात उतरणारी आग आणि मुंग्या. ते नसेचं दुखणं. त्यावर गॅबापेंटिनच्या कॅप्सूल चालल्या, पण मॉर्फिनसोबत त्या गुंगी वाढवतात, म्हणून डोस हळूहळू वाढवला.

ज्यांना किडनीचा त्रास, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी ते आधीच सांगावं, केटोरोलॅक त्यांच्यासाठी नाही. हाड जुळून यायचं असल्याने अशा सूज उतरवणाऱ्या गोळ्या जास्त दिवस द्यायला काही सर्जन तयार नसतात, माझेही नव्हते. घरी आल्यावर सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे लक्षात ठेवा. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर नाही, वजन कमी किंवा लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी. आणि हातापायातली ताकद अचानक गेली, लघवी अडली, ताप येऊन जखम ठणकू लागली, तर गोळी घेऊन वाट बघू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

सध्या कॉलर सुटली आहे, गॅबापेंटिनही डॉक्टरांच्या सांगण्यानुसार थोडं थोडं कमी करत बंद झालं. फिजिओथेरपीच्या दिवशी खांदे भरून येतात तेव्हा एखादी पॅरासिटामॉल पुरते. करंगळीतला बधीरपणा अजून आहे, पण त्यावर वेदनाशामकाचा उपयोग नसतो.