खुडूक कोंबडी: खुराड्यातच बसवावी की वेगळ्या पाटीत?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, खुराड्यात आहे तिथेच बसू दिली तर हलवाहलव नाही, खुडूक मोडायची भीती नाही. पण बाकीच्या कोंबड्या तिच्याच घरट्यात घुसून ताजी अंडी घालतात, धक्काबुक्कीत एखाद-दोन फुटतात, आणि कुठलं अंडं कधीचं हेच कळेनासं होतं. 21 दिवसांनी पहिली पिल्लं निघाली की ती उठते. उशिराची अंडी वाया. तिथेच ठेवायची तर निदान बसवलेल्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा.

मला वेगळी पाटीच बरी वाटते. तळाशी उवांसाठी थोडी राख, वर भाताचा पेंढा, दहा-बारा अंडी. हलवायचं मात्र रात्री, अंधारात. रोज एकदा दाणापाण्याला उठवावं लागतं, तेवढा व्याप. रात्री वर डालगं पालथं घालून दगड ठेवा. रानमांजर टपलेलंच असतं.